दोन हात पुढचा धोंडा

एका जंगलात एक नियम होता. मुलांनो, त्या जंगलात झाडे, ओढे, प्राणी वगैरेही होते. पण ते सगळ्याच जंगलांत असतात. हा नियम तिथेच होता, म्हणून तो आधी सांगतो.

नियम असा. दर पाच वर्षांनी प्राण्यांची मोजणी करायची. पन्नास पावलांवरून प्रत्येकाचा फोटो काढायचा. फोटोत ज्याचा डोळा स्वच्छ दिसेल, तो प्राणी आहे. ज्याचा दिसणार नाही, तो नाही.

आता जो नाहीच, त्याला जागा कशाला हवी? त्याची जागा मागेल त्याला मिळत असे. खिदळू नका. पुढे लागणार आहे हे.

फोटो काढायचे काम रखमाजी नावाच्या अस्वलाकडे होते. सव्वीस वर्षे तो हेच करत आला होता. त्याच्याकडे एक टेलिफोटो लेन्स होती, दुधाच्या कॅनएवढी. ती लांबचे जवळ आणी. रखमाजीने कॅमेऱ्याचे बटण अर्धे दाबले की लेन्स एकदाच 'घर्र' करी आणि प्राण्याच्या डोळ्यावर नेमकी थांबे. कॅमेरा आणि लेन्स एकाच वर्षी आले होते. एकमेकांचे बोलणे त्यांना कळत असे.

मग कॅमेरा वारला.

सिंहमहाराजांनी स्वतः पसंत करून नवा कॅमेरा आणला. तो फार हुशार होता. प्राण्याचा डोळा तो आपला आपण शोधून काढी, आणि सापडला की पडद्यावर डोळ्याभोवती हिरवी चौकट उमटे.

"आणि लेन्स, महाराज?" रखमाजीने विचारले.

"जुनीच चालेल," महाराज म्हणाले. "काच आहे ती. काच कुठे म्हातारी होते?"

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसेना. मध्ये एक कडी घालून ती बसवली. बसली, पण पटले नाही. नवा कॅमेरा एका दमात दहा हुकूम सोडी. लेन्स पहिला हुकूम ऐकून हलेपर्यंत अकरावा आलेला असे. ती घर्र करून पुढे जाई, घर्र करून मागे येई, पुन्हा पुढे जाई. शेवटी दमून कुठेतरी थांबे. हे 'कुठेतरी' रखमाजीने मोजून पाहिले. पन्नास पावलांवरून धरले तर ते दर वेळी डोळ्याच्या बरोबर दोन हात मागे होते.

पहिला फोटो महाराजांचा. रिवाजाप्रमाणे महाराजांच्या मागे, दोन हातांवर, चिटणीस कोल्हा फाइल घेऊन उभा होता. फोटो दरबारात लावला. कोल्ह्याच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा आला होता. महाराज ताकात बुडवून काढल्यासारखे दिसत होते.



"महाराज," कोल्हा म्हणाला, "हे तेज आहे. तेज कॅमेऱ्यात मावत नाही."

महाराजांनी फोटो पुन्हा पाहिला. "आम्हालाही तसंच वाटलं," ते म्हणाले.

रखमाजी भाबडा होता. तो पुढे आला. "तेज असेलच, महाराज. पण फोकस दोन हात मागं जातोय. कॅमेऱ्यात जुळवून घ्यायची सोय आहे. परवानगी द्या, पाच मिनिटांचं काम आहे."

कोल्ह्याने फोटोतल्या आपल्या मिशीकडे पाहिले. मग त्याने लाख वितळवली आणि जुळवणीच्या बटणावर दरबारी मोहोर मारून टाकली. "उघडलं तर गॅरंटी जाते," तो म्हणाला. हाताने लेन्स फिरवून फोकस करायलाही त्याने बंदी घातली. हाताने केले की ओळखीपाळखीचे प्राणी स्वच्छ येतात, असे त्याचे म्हणणे पडले.

मोजणी सुरू झाली. प्राणी काही मूर्ख नव्हते. चार दिवसांत सगळ्यांना कळले की पुढचा पुसट येतो आणि मागचा स्वच्छ येतो. मग रांगेत मागे उभे राहण्यासाठी धक्काबुक्की सुरू झाली. माकडांत तर मागच्या जागेवरून दोन दिवस मारामारी झाली. जे जिंकले ते मागे राहिले आणि मोजले गेले.

पण जंगलाच्या कडेला एक उघडा माळ होता. तिथे सगुणा नावाची माळढोक पक्षीण राहत होती. माळढोक म्हणजे तपकिरी पाठीचा, उंच मानेचा, कमरेइतका मोठा पक्षी. गवतात वावरतो, गवतातच जमिनीवर अंडे घालतो. एकच घालतो. दोन का नाही, असे विचारू नका. मी नियम केलेला नाही. सगुणाचे अंडे घालून पंधरा दिवस झाले होते. अजून बारा दिवस उबवायचे होते.

तो माळ रानडुकरांच्या सहकारी संस्थेला हवा होता. कंदमुळांच्या लागवडीसाठी. सगुणा मोजणीत आली नाही तर माळ रिकामा ठरणार होता, आणि मोजणी पाच दिवसांत संपणार होती. डुकरांनी फक्कीने रेघा मारूनही ठेवल्या होत्या. एक रेघ अंड्यापासून हातभरावरून गेली होती.

रखमाजीने सगुणाचे फोटो काढले. तीन दिवस काढले. सगुणाच्या मागे कोणी नव्हते, नुसते गवत होते. फोटोत त्या गवताची पाती न् पाती स्वच्छ आली. त्याच्या पुढे काहीतरी तपकिरी होते.

कोल्ह्याने शेरा मारला: 'गवत हजर. पक्षी मूळचाच धूसर.'

"मी धूसर आहे का हो, रखमाजीदादा?" सगुणाने विचारले. ती अंड्यावरून उठली नव्हती.

"नाही, बाई," रखमाजी म्हणाला. त्याला मान वर करवेना. "सव्वीस वर्षांत या लेन्सनं मला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं. तुझ्याच वेळी पाडलं."

"मग कोणाला तरी माझ्या पुढं उभं करा. म्हणजे मागची मी स्वच्छ येईन."

"विचारलं मी. हरणांना विचारलं, सशांना विचारलं. पुढं उभं राहायला कोणी तयार नाही. जो पुढं राहील, तो पुसट येणार."

 सगुणाने अंडे पोटाखाली सरकवून घेतले. रखमाजीचे लक्ष फक्कीच्या रेघेकडे गेले. रेघेवर एक धोंडा होता, सगुणाच्या मानेइतका उंच. पावसापाण्याने त्याला शेजारी शेजारी दोन खळगे पडले होते.

रखमाजीने तो धोंडा लोटत आणला. सगुणापासून आपल्या हाताने मोजून दोन हात पुढे आणि किंचित बाजूला ठेवला. मग पन्नास पावले मागे गेला. बटण अर्धे दाबले.

नव्या कॅमेऱ्याने धोंड्याकडे पाहिले. त्याला डोळे सापडले. पडद्यावर हिरवी चौकट उमटली. लेन्सने घर्र केले, पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि दमून दोन हात मागे थांबली. तिथे सगुणा होती.

फोटो आला तेव्हा रखमाजी मटकन खाली बसला. सगुणाचा डोळा, डोळ्यात आभाळ, मानेवरचे बारीक काळे ठिपके, पंखाच्या कडेला अंड्याचा एवढासा तुकडा. असा फोटो त्याने उभ्या जन्मात काढला नव्हता. तो रडला. अस्वले रडतात, मुलांनो, फक्त केसांत दिसत नाही.

शेवटच्या दिवशी फोटो दरबारात लागला. एका बाजूला डुकरांच्या संस्थेचे संचालक मंडळ बसले होते.

"वा," महाराज म्हणाले. "पक्षी आहे."

"दिसतो आहे खरा," कोल्हा म्हणाला. त्याने संचालक मंडळाकडे पाहिले आणि घसा साफ केला. "पण फोटोच्या पोटात कॅमेरा आपली नोंद ठेवतो, महाराज. ती वाचतो. 'डोळा सापडला. कोणाचा? पुढे उभ्या असलेल्याचा.' म्हणजे कॅमेऱ्याने फोटो काढला तो या धोंड्याचा. पक्षी ही पार्श्वभूमी आहे. पार्श्वभूमी मोजता येत नाही."

"पण तुम्ही मागची माकडं मोजलीत की," रखमाजी म्हणाला.

"तिथे पुढेही माकडच होतं. माकडाच्या जागी माकड चालतं. इथे पुढे धोंडा आहे."

"महाराज, त्या धोंड्याला डोळे नाहीत. खळगे आहेत. कॅमेरा चुकलाय."

 महाराजांनी शेपटी एकदा इकडून तिकडे केली.

"कॅमेरा कोणी पसंत केला होता?" त्यांनी विचारले.

"आपण, महाराज," कोल्हा म्हणाला.

"आमचा कॅमेरा चुकतो का?"

"छे, महाराज."

"तो म्हणतो, डोळा आहे. म्हणजे आहे. ज्याचा डोळा आहे, तो प्राणी आहे. असे धोंडे जंगलात किती मोजले गेले?"

कोल्ह्याने फाइल चाळली. त्याचा आवाज जरा बारीक झाला. "एकच, महाराज."

"एकच," महाराज म्हणाले. "म्हणजे फारच दुर्मीळ प्राणी आहे. माळ त्याच्यासाठी राखून ठेवा."

संचालक मंडळ उठून गेले. त्याच संध्याकाळी माळावर पाटी लागली: 'संरक्षित धोंडा. दीड हाताच्या आत येऊ नये.' पाटीशेजारी एक लांडगा पहाऱ्याला बसला. सगुणा दोन हातांवर होती, त्यामुळे तिला कोणी उठवले नाही. तरी ती बाई सरळ. कोल्हा पाहणीला आला तेव्हा तिने विचारले, "मग मी कोण, चिटणीससाहेब?"

"तुम्ही पार्श्वभूमी."

"पार्श्वभूमीनं अंडं उबवलं तर चालतं का?"

कोल्ह्याने नियमांचे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. "मनाई नाही," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी पिल्लू बाहेर आले. रखमाजीचा फोटो दरबाराच्या भिंतीवर कायमचा लागला. खाली लिहिले होते: 'धोंडा, वय अज्ञात.' रखमाजीला वाईट वाटायचे. तो त्या भिंतीसमोरून जाताना दुसरीकडे बघत असे.

हिवाळ्यात नवी लेन्स आली. ती कॅमेऱ्याचे सगळे ऐके आणि नेमकी डोळ्यावर थांबे. पहिला फोटो पुन्हा महाराजांचा. महाराज अगदी स्वच्छ आले. विरळ आयाळ, एक पडका दात, डोळ्यातली चिपडे, सगळे आले. मागे चिटणीस धूसर होता.

महाराजांनी फोटो बराच वेळ पाहिला. "तेज गेलं," ते म्हणाले.

"लेन्समध्ये दोष आहे," कोल्हा म्हणाला. या एका बाबतीत दोघांचे लगेच एकमत झाले. नवी लेन्स गोदामात गेली. जुनी पुन्हा कॅमेऱ्यावर चढली आणि रखमाजीची मुदत पाच वर्षांनी वाढली.

माळावर पिल्लू आता आईच्या खांद्याला लागले होते. एक दिवस ते धोंड्यासमोर उभे राहिले.

"आई, हा कोण?"

"नमस्कार कर त्याला. हा आहे म्हणून आपण आहोत."

पिल्लाने मान लववून नमस्कार केला. मग विचारले, "पण हा करतो काय?"

सगुणाने थोडा विचार केला. "पुढं असतो," ती म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, आपण नेहमी स्वच्छ आणि स्पष्ट असावे, असे तुम्हाला शाळेत सांगतील. अवश्य असावे. फक्त आपल्या दोन हात पुढे, डोळे असल्यासारखा दिसणारा एक धोंडा आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी. आणि तो असेल, तर त्याला कधीही धोंडा म्हणू नये.