सुंद्राबाई उपवैद्य यांचे वेतन ठरले त्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने नाडी चालते त्यास एक नमस्कार, आणि ज्याचे सहीने वेतन चालते त्यास दोन. शके सोळाशें नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, माघ मासी सुंद्राबाई उपवैद्य यांस मिळावयाचे होते ते येणेंप्रमाणे: महिन्यास आठांचे जागी अकरा होन, सालात पंधरा दिवस रजा, वेतन न कापता, नवी विद्या शिकावयास एक मास सवड, आणि रोगी दगावल्यास दोष एकटीचे माथा नाही, निम्मा वैद्यराजांनी घ्यावा. बदल्यात द्यावयाचे काय, ते बाईंनी मोजिले नव्हते. तरुण माणूस ती बाजू सहसा मोजीत नाही.

उपवैद्य म्हणजे कोण, तर वैद्यराज नाडी पाहून पुढे जातात आणि मागे राहून पट्टी, मात्रा, पथ्य आणि रोग्याची रडकथा जो सांभाळतो तो. बाईंस विद्या पुरी करून एकच वर्ष जाहले होते, परंतु ख्याती ऐसी की बाई रोग्याचे उशाशी नुसत्या गप्प बसत, आणि मग तो बायकोस न सांगितलेलेही सांगून मोकळा होई. त्या राज्याची चाल अशी की करारावर सही होईतो उपवैद्याने रोग्यास हात लावू नये, आणि उपवैद्याचे आज्ञेवाचून सेवकांनीही लावू नये. वैद्यराज तर महाराजांचे स्वारीत दूर गेले होते. दिवाण लखोपंत मोठे हिशेबी. ते करार ठरावयाचे दिवशी सर्वांत अवघड रोग्याची खाट आपले दालनाचे दाराशी आणवीत, मग आकडा सांगून मौन धरीत. आजवर चार उपवैद्य कण्हणे ऐकून, द्याल ते द्या म्हणत सही करून धावले. चौथे अंबाजी, ते नोकरी सोडून जातेवेळी बाईंस म्हणाले, "ताई, पंत गप्प झाले की तुम्हीही गप्प. आधी बोलला तो आठावर राहिला. मी बोललो."

मग बाई दालनात गेल्या आणि पंत म्हणाले, "बसा. वय लहान, हौस मोठी. आठ लिहितो."

"अकरा. आणि तीन कलमे कागदावर आहेत, पंत."

"अकरांत मी घोडा पोसतो. तो रजा मागत नाही."

"मग त्यालाच नाडी पाहू द्या."

पंत हसले आणि गप्प जाहले, आणि बाईही गप्प जाहल्या. दाराआड आणविलेल्या खाटेवर बहिरू कोष्टी खोकत होते. छातीत कफ दाटलेला. धरून बसवावे, पाठ चोळावी, वाफ द्यावी, एवढाच उपाय. बाई दोन खोकल्यांमधले श्वास मोजू लागल्या. प्रथम बारा होते, मग वीस जाहले. बाहेर खल कुटणारा थांबला, आणि मग वळचणीची पारवी घुमावयाची थांबली. पंतांचे कपाळी माशी बसली, ती त्यांनी हाकलिली नाही. मग चाळीस. पंतही तेच मोजीत होते, हे बाईंनी त्यांचे हलत्या बोटांवरून ओळखिले. त्यांस वाटे ही आता उठेल, आणि बाईंस वाटे हा आता बोलेल. मग दाराआडून अगदी स्वच्छ आवाज आला, "बाई, आहात ना आत?" बाईंनी उत्तर केले नाही. त्याउपरि श्वास मोजावयास काही उरले नाही, तरी दोघे तैसेच बसून राहिले, आणि फरशीवरले ऊन एक फरशी सरकले. शेवटी पंत हळूच बोलिले, "अकरा. तिन्ही कलमे मान्य."

सही करून बाईंनी दार उघडिले. बहिरू खाटेवर बसल्या जागीच गेले होते, डोळे दाराकडे. आणि पलीकडे रुग्णशाळेतले बावीस रोगीही उठून बसले होते, तोंडे दाराकडे, आणि कोणी कण्हत नव्हते. बाई एकेकापाशी गेल्या आणि विचारू लागल्या, "कुठं दुखतंय, सांगा बघू." कोणी सांगेना. तापाने फणफणलेली एक म्हातारी मात्र त्यांजकडे पाहात राहिली, जैसे मघा पंत पाहात होते. दोष कलमाप्रमाणे निमानिम वाटिला गेला, आणि पंत म्हणाले, "कागद छान केलात हो, बाई."

तेव्हापासून बाई उशाशी बसतात आणि रोगी त्यांजसमोर बसतात, आणि कोणी बोलत नाही. परगावचा रोगी, ज्यास यातले काही ठाऊक नाही, तोही दुसरे दिवशी गप्प होतो. मग बाई अंदाजाने मात्रा देतात. कधी लागू पडते.

एकंदर ताळा ऐसा: राज्याचे महिन्यास तीन होन अधिक जातात, ते पंतांनी रोग्यांचे पेजेतून काढिले, सबब राज्याचे काही गेले नाही. बाईंस ठरले ते सर्व पावले. दिले ते बहिरू कोष्टी यांनी, एकदाच आणि सगळे. आणि त्या बावीस जणांनी, ते अद्याप देत आहेत.