कातळावरचे शिगवण नाना

मे महिन्यातल्या भर दुपारी, उघड्या कातळावर, प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री धरून एक माणूस बसला होता. आसपास भिंत नाही, छप्पर नाही, सावली म्हणाल तर एका काजूची, तीही लांब. मी मोटारसायकल उभी करून जवळ गेलो.

"काय करताय?"

"हॉलमध्ये बसलोय," माणूस म्हणाला. "चपला काढा."

जांभा दुपारी तव्यासारखा तापतो. तरी मी चपला काढल्या, कारण गिऱ्हाईक होतं. तळपाय भाजून निघाले. शिगवण नानांवरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे.

मिरजोळ्याला माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. दुसऱ्याच्या शेडमध्ये झाडू मारण्यापासून सुरुवात करून मी ती उभी केली. दारावर माझ्या नावाचा बोर्ड आहे. रत्नागिरीत लोक मला शेठ म्हणतात. नाना पहिल्या दिवसापासून "मेस्त्री" म्हणाले, आणि मी दोनदा सुधारलं तरी मेस्त्रीच म्हणत राहिले.

नाना अलोऱ्याच्या प्रकल्प कॉलनीत नकाशे काढायच्या नोकरीला होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शहराबाहेर हा कातळाचा तुकडा घेतला आणि घर बांधायचं ठरवलं. म्हणजे बांधायचं नव्हतं. जोडायचं होतं. लोखंडी पायांवर उभ्या खोल्या, पत्र्याच्या आणि लाकडाच्या फळ्यांच्या भिंती, सगळं नट-बोल्टवर. हवी ती भिंत काढा, हवी तिथे लावा.

"आपल्याकडे पावसाळ्यात पडवीला झड बांधतात की नाही?" ते म्हणाले. झड म्हणजे झावळ्यांचा तट्ट्या, पावसाच्या तोंडावर बांधायचा आणि दिवाळीला सोडायचा. "मग झडीने काय पाप केलंय आणि भिंतीने काय पुण्य? सरकारी नोकराची बदली होते, भिंतीची का नको?"

मी दर सांगितला. मुद्दाम चढवूनच सांगितला, घासाघीस करायला जागा ठेवून. नाना "बरं" म्हणाले आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली. वाचकहो, धंद्यात मला पुष्कळांनी शिव्या घातल्या आहेत, पण भाव न करता "बरं" म्हणून कुणी माझा असा अपमान केला नव्हता.

घासाघीस त्यांनी केली, पण ती वेगळ्याच गोष्टींवर. काजूची एक फांदी बैठकीच्या खोलीत येत होती. मी म्हटलं तोडू. ते म्हणाले, खोली सरकवा. मी म्हटलं, निम्मी फांदी तोडू. ते म्हणाले, निम्मी खोली सरकवा. शेवटी फांदीसाठी पत्र्याला कोनाडा पाडला, आणि आता त्या कोनाड्यात कावळा बसून त्यांच्या चहाकडे बघतो. पावसाळ्यात कातळावरून पाण्याचा एक ओहोळ वाहतो. मी भराव टाकू म्हटलं. "पाणी आधीपासून राहतंय इथे, मेस्त्री. आपण नवीन आलोय. आपण पाय उचलून घ्यायचे." म्हणून घराचे पाय उंच केले.

प्रत्येक खिडकीच्या आधी त्यांचं एकच वाक्य असायचं, "आधी बसून बघू." मग खुर्ची, छत्री, आणि तासन् तास वारा तोंडावर घेत बसणं. पश्चिमेची भिंत मी चार वेळा खोलली. शेजारच्या बागेतला राखणदार येऊन मला विचारून गेला, "शेठ, तुमच्या म्हाताऱ्याला लागलाय काय वारा?"

मी हे सगळं सोसलं. भांडण झालं ते शेवटच्या खोलीवरून.

घराला लागूनच एक खोली हवी होती. पण लागून म्हणजे चिकटून नव्हे. मध्ये हातभर फट. तिचे पाय वेगळे, छप्पर वेगळं, दार वेगळं, आत चुलीचा ओटा वेगळा.

"नाना, मधली भिंत सामाईक ठेवली की माल वाचतो, काम वाचतं. शाळेतल्या पोराला कळेल!"

"सामाईक काही नको."

"फटीत पालापाचोळा साचेल, साप बसेल!"

"बसू दे. मला विचारून बसेल."

मी पाना खाली आपटला. म्हटलं, दुसरा मेस्त्री बघा, मी चाललो. मोटारसायकलला किक मारली तशी नाना मागून आले. पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावर छत्री नव्हती.

"हेदवीला माझी बाय असते," ते म्हणाले. बाय म्हणजे मोठी बहीण. "नवरा लवकर गेला, माहेरी आली. आमच्या वाटणीच्या वेळी थोरला भाऊ तिला बोलला, बसून खातेस म्हणून. सगळे जेवायला बसलो होतो. मी पण होतो. कुणी काही बोललं नाही. ती तशीच ताटावरून उठली. तेव्हापासून कुठल्याच भावाच्या उंबऱ्याआत अन्नाचा कण घेत नाही, माझ्यासुद्धा. गावाबाहेर एका खोपटात राहते. आता डोळ्यांनी कमी दिसतं. तरी येत नाही."

"मग ही खोली?"

"तिच्या नावावर. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, हे गावात कुणीही मान्य करील. आणि उद्या माझं डोकं फिरलं, तर तिने ट्रक बोलवायचा, बोल्ट सोडायचे आणि खोली घेऊन जायचं. म्हणून फट. पावसाआधी व्हायला हवी, मेस्त्री. तिचं छप्पर या पावसात टिकायचं नाही."

मी पाना उचलला. एवढं मात्र सांगितलं, की फट हातभर नको, वीतभर पुरे. वीतभरावर सौदा पटला.

आम्ही ती खोली हट्टाने उभी केली. आभाळ भरून यायचं, वीज जायची, मी पोरांवर ओरडायचो आणि नाना माझ्यावर. शेवटचा पत्रा चढला तेव्हा मी सहज म्हटलं, "घर झकास बांधलं की नाही मी?" तर म्हणाले, "बांधलं वाऱ्याने. तुम्ही फक्त बोल्ट आवळलेत." हे मी विसरणार नाही. शेवटचा हिशेब घेताना याचा जाब विचारायचा, असं पक्कं करूनच हिशेबाच्या संध्याकाळी मी कातळावर गेलो.

बाय त्याच दिवशी रिक्षाने आली होती. काठीएवढीच बारीक, बरोबर एक बोचकं. आत शिरली नाही. आधी खोलीभोवती बाहेरून फिरली. फटीत हात घातला, खांद्यापर्यंत.

"आरपार हाय?"

"आरपार," नाना म्हणाले.

"छप्पर कुनाचा?"

"तुझा."

"खालची जमीन?"

"ती पण कागदावर तुझी."

ती माझ्याकडे वळली. "खरा बोलतोय काय ह्यो?"

"माझ्याशी त्यांनी कधी भावसुद्धा केला नाही," मी म्हटलं. "खोटं बोलायचं जमत नाही त्यांना."

बाय आत गेली आणि दार ओढून घेतलं. नाना अंगणात उभे, मी त्यांच्याजवळ. बोलणार तोच पत्र्याखालून धूर आला. मग फोडणीचा वास. नाना हलले नाहीत. बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"नाना, जेवाय ये माझ्याकडं."

दार परत लागलं. नाना स्वतःच्या घरात गेले. मला वाटलं, पैसे आणायला गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भांग पाडून. माझ्याकडे बघितलंही नाही. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत अंतर ते काय, पण लांबून आल्यासारखे ते दारापाशी थांबले, गळा साफ केला आणि कडी वाजवली.

"कोन हाय?"

"मी नाना," ते म्हणाले. "जेवायला बोलावलंय मला."