सतरा उतरंडी

माझ्या खडकावर दगडावर दगड टिकत नाही! कुणी ठेवलाच तर संध्याकाळपर्यंत तो खाली येतो, आणि ठेवणारा माझ्यासमोर मान खाली घालून उभा असतो. मी एल्फ्रीडा गारोएस, खिडकीच्या खडकाची मुख्य मार्गदर्शक. तेरा वर्षं रोज चढले, आणि गेली सहा वर्षं फाटकावर बसून चढणाऱ्यांना शिस्त लावतेय. मला ह्या खडकाचा दगड न् दगड पाठ आहे, हे मी त्या दिवसापर्यंत कुणालाही सांगत होते.

नियम काय मोठे आहेत हो? माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला टोपी, पायात बूट. वहीत नाव लिहायचं, परतायची वेळ लिहायची. वेळेत आला नाहीत तर आम्ही शोधायला निघतो. पण नाही! येतात सपाता फटफटवत, हातात अर्धी बाटली. "आम्ही पटकन जाऊन येतो!" पटकन? वर पटकन फक्त गिधाडं येतात!

आणि वर गेले की ह्यांच्या हातांना खाज सुटते. एकावर एक दगड रचायचे, फोटो काढायचा, चालू पडायचं. अरे, त्या दगडाखाली पाल राहत होती, विंचू राहत होता! त्यांचं छप्पर काढलंत तुम्ही! शिवाय मागून येणाऱ्याला वाटतं ही वाटेची खूण आहे, आणि तो बिचारा भलत्याच घळीत जाऊन बसतो. असली उतरंड दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. फाटकाजवळची म्हाताऱ्याची रास वेगळी. ती आमच्या पूर्वजाची. येणारा-जाणारा तिच्यावर एक दगड टाकतो आणि म्हणतो, "म्हाताऱ्या, वाट दे." माझ्या पणजीचाही दगड आहे तिच्यात. तिला उतरंड म्हणाल तर याद राखा!

तर गुरुवारी राजधानी विंडहुकहून तपासनीस येणार होते. त्यांनी होकार दिला तर खडक आणखी पाच वर्षं गावाच्या हातात, नाहीतर फाटकाला कुलूप. अकरा घरांच्या चुली त्या फाटकावर पेटतात. त्यासाठी सोमवारी बैठक भरली. मागच्या महिन्यात घळीतून कधी नव्हे तो लोंढा आला होता आणि वाट दाखवणारे पांढरे खांब घेऊन गेला होता. माझा धाकटा दीर लासारुस उभा राहिला. वाटेची देखभाल त्याच्याकडे असते.

"वहिनी, वरची वाट आता बदललीय. गुडघ्यांमुळे तुमचं वर जाणं होत नाही, म्हणून सांगतो..."

"गुडघे माझे आहेत! ते बैठकीत काढायचे नाहीत!"

"अहो, पण ऐका तर..."

"काय ऐकायचं? तू रांगत होतास तेव्हापासून मी तो खडक चढतेय!"

खुर्ची ढकलली आणि तरातरा घरी आले. पुढे काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे लासारुस दोनदा दारात येऊन गेला. मी दार उघडलं नाही.

बुधवारी दुपारी म्हटलं, बघतेच वाट कशी बदलते ती. काठी घेतली, गुडघ्यांना तेल चोळलं आणि सहा वर्षांनी चढायला लागले. आणि काय बघते! उतरंड! तीन दगडांची! वीस पावलांवर आणखी एक! वळणावर आणखी एक! अशा थेट वरच्या आरपार भोकापर्यंत, आमच्या खिडकीपर्यंत! उद्या तपासनीस, आणि आज हा तमाशा? आदल्या दिवशी दोन पाहुणे येऊन गेले होते, हसत-खिदळत. त्यांचंच काम! मनातल्या मनात मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

येताना वरून सुरुवात केली. एकेक उतरंड काठीने उडवत खाली उतरले. एक उडवली की पुढची दिसायची, ती उडवली की तिच्या पुढची. एकवीस! एकही शिल्लक ठेवली नाही. आणि मनात म्हटलं, बघा, सहा वर्षांनी आले तरी वाट कशी झटकन सापडली!

गुरुवारी सकाळी तपासनीस आले. सिकेरेते नावाचे, काडीसारखे बारीक, बोलणं कमी आणि वहीत लिहिणं जास्त. असली माणसं मला मुळीच आवडत नाहीत. लासारुस पुढे झाला.

"साहेब, मी येतो वर."

"तू फाटकावर बसायचं," मी म्हटलं. "मुख्य मार्गदर्शक मी आहे."

"बरं, पण वहिनी, वर जाताना ते आपले..."

"गप्प बस! साहेबांसमोर शिकवू नकोस मला!"

तो फाटकावर जाऊन बसला. दिरांचं एक असतं, नको तेव्हा बोलतात आणि बोलायला हवं तेव्हा ऐकतात! मी वहीत लिहिलं, परतायची वेळ बारा. दोघांचं मिळून सहा लिटर पाणी घेतलं. म्हाताऱ्याच्या राशीपाशी हात दगडाकडे गेला होता, पण साहेब बघत होते. ह्यांच्यासमोर दगडावर दगड नको, म्हणून तशीच पुढे निघाले.

"आमच्या खडकावर एकसुद्धा उतरंड सापडायची नाही," मी म्हटलं. "सापडली तर माझं नाव बदला."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्या वळणावर तीन घळी फुटलेल्या. तीन! लोंढ्याने नवीन काढलेली कुठली आणि जुनी कुठली, काही कळेना. काल तर एकच होती! मी छाती पुढे काढून मधल्या घळीत शिरले. अर्ध्या तासाने एक मोठा गोल दगड आला, वर पांढरा डाग, त्यावर एक ससाण बसलेलं. ससाण म्हणजे सशाएवढा जाडजूड प्राणी, दिवसभर उन्हात पसरलेला. आणखी अर्ध्या तासाने पुन्हा गोल दगड आला. पांढरा डाग. तेच ससाण.

"मावशी," साहेब म्हणाले, "हे आपल्याला ओळखायला लागलंय."

"इथे अशी पुष्कळ आहेत."

तिसऱ्यांदा आलो तेव्हा ते मेलं ससाण उठलंसुद्धा नाही. नुसती मान वळवून बघितलं, आणि पुन्हा झोपलं.

"आपण वाट चुकलोय का?" साहेबांनी विचारलं.

"छे! मी तुम्हाला खडक सगळ्या बाजूंनी दाखवतेय!"

"बरं. सगळ्या बाजूंनी, तीनदा." पेन पुन्हा चाललं.

मला त्या पेनाचा राग आला, ससाणाचा राग आला, उन्हाचा राग आला. गुडघे तर बोंबलत होते. सावलीला बसले, आणि बुडाखाली काहीतरी टोचलं. बघते तर काळा चपटा दगड. शेजारी आणखी दोन. मी काल उडवलेले! मी एक उचलून उलटासुलटा करून बघितला. आमचा खडक लाल आहे. काळे चपटे दगड नदीत मिळतात, खाली, दोन तासांवर. कुठला पाहुणा फोटोसाठी नदीतून साठ-सत्तर दगड वर आणेल? असले दगड आणायला गाढव लागतं. आणि गावात गाढव कुणाकडे आहे? लासारुसकडे!

खांबांच्या जागी त्याने खुणा रचल्या होत्या. इथले दगड हलवायला लागू नयेत, पालीला त्रास नको, म्हणून नदीतून आणून रचल्या होत्या. बैठकीत तो हेच सांगत होता. दारातही हेच सांगत होता. आणि मी एकवीसच्या एकवीस उडवल्या! माझ्या मूर्खपणाची मला इतकी चीड आली की तिथेच स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अकरा घरांच्या चुली मी काठीने विझवल्या होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "आपण वाट चुकलोय."

"हो," साहेब म्हणाले. "दहा वाजल्यापासून."

पाणी निम्म्यावर आलं होतं. आता पुन्हा त्याच ससाणाच्या दर्शनाला जायचं नसेल तर एकच उपाय होता. ज्या घळीतून गेलो तिथे खूण ठेवायची. खूण कशाची? दगडांची! नदीचे तीन काळे सापडले, बाकीचे तिथलेच उचलावे लागले. "माफ कर बाई," असं पालीला म्हणत म्हणत मी, एल्फ्रीडा गारोएस, स्वतःच्या हाताने दगडावर दगड ठेवत सुटले. प्रत्येक वेळी मागे पेन कुरकुरायचं.

"लिहायलाच पाहिजे का?" मी शेवटी ओरडलेच.

"फक्त आकडा लिहितोय, मावशी."

साडेबाराला लासारुसची शिट्टी ऐकू आली. बारा वाजून गेले तशी त्याने वही बघितली आणि नियमाप्रमाणे निघाला. माझ्याच नियमाप्रमाणे! गाढवासकट आला, वर पाण्याचा डबा.

"खुणा बघत बघत आलो, वहिनी," तो म्हणाला. "दगड मात्र तुम्ही जरा वाकडे रचता."

मी काही बोलले नाही. माझ्या लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडलं, असं तो अजून गावभर सांगतो.

फाटकावर साहेबांनी कागद काढला आणि मोठ्याने वाचला. पाणी, पुरेसं. वहीची पद्धत, उत्तम. उशीर होताच शोध, उत्तम. दगडांच्या उतरंडी, सतरा. रचणारी व्यक्ती, मुख्य मार्गदर्शक. मी डोळे मिटून घेतले.

"खडक गावाकडेच राहील," साहेब म्हणाले, "पाच वर्षं. दोन अटींवर. तिथले दगड होते तिथे परत ठेवायचे आणि लासारुसच्या काळ्या खुणा पुन्हा उभ्या करायच्या. दुसरी अट, मुख्य मार्गदर्शकांना एकटीला वर सोडायचं नाही. सोबत वाट माहीत असलेलं कुणीतरी द्यायचं."

अकरा घरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हाताऱ्याच्या राशीवर असा दगड हाणला की पणजीसुद्धा दचकली असेल. साहेबांनी शेजारी हळूच एक ठेवला आणि विचारलं, "ही अठरावी धरायची का?"

गेला आठवडाभर मी काळे दगड वर नेतेय. सोबतीला लासारुस यायला तयार होता, पण मी ऐकते होय! मी त्याचं गाढव मागून घेतलं. वाट त्या गाढवाला पाठ आहे, आणि ते गुडघ्यांचा विषय काढत नाही. फक्त त्या तिसऱ्या वळणावर आलं की थांबून माझ्याकडे बघतं.