दार वर ठेवण्याचा कायदा

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. हसू नका, बाळांनो. तुमच्या गावाला असू शकतं, तर जंगलाला का नसावं?

ओढ्याच्या डोहावर एक बाभूळ वाकली होती, तेच विद्यापीठ. तिथे पाखरांना घरटी विणायला शिकवत. शिकवणाऱ्या होत्या वेणूबाई सुगरण. बाई दिसायला एवढ्याशा, पण आवाज चढला की अख्खी बाभूळ चिडीचूप व्हायची.

बाईंचा पहिला धडा असा, की घरट्याचं दार खाली हवं. वर गोल खोली, खोलीत अंड्यांसाठी उंच उंबरठा, आणि खाली लोंबणारी नळी. आपण नळीतून सुर्रकन वर जायचं. सापाला ते जमत नाही. तो नळीवरून घसरतो आणि डोहात पडतो. पुष्कळ पिढ्यांनी पुष्कळ अंडी गमावल्यावर सुगरणींना ही अक्कल आली होती.

पण अक्कल आणि सभागृह यांची गाठ क्वचितच पडते.

जंगलाचे शिक्षणमंत्री होते वराहराव रानडुक्कर. ते जन्मभर चिखलात झोपलेले, त्यामुळे उंचावरून पडण्याची त्यांना भारी धास्ती. एकदा बाभळीखालून जाताना त्यांनी मान वर केली आणि त्यांना घामच फुटला. दुसऱ्याच दिवशी ते सभागृहात उभे राहिले.

"सन्माननीय सदस्यहो! घरट्याला दार, आणि तेही खाली! अंडं ठेवलं की धप्प! हे शिक्षण आहे का? यापुढे सार्वजनिक विद्यापीठात दार वरच असेल. जो खाली दार ठेवील, त्याचं घरटं तोडलं जाईल."

"अरेरे, बिचारी अंडी!" धामण सद्गदित होऊन म्हणाली. ती विरोधी बाकावर बसायची, पण अंड्यांचा विषय निघाला की पक्षभेद विसरायची. "माझी एक छोटीशी उपसूचना आहे. दार थोडं रुंदही असू द्या. येणाऱ्याजाणाऱ्याची सोय होते."

किती हा कळवळा!

वेणूबाई प्रेक्षकांच्या सज्जात होत्या. त्या ओरडल्या, "अहो, आत उंबरठा असतो! एकही अंडं पडत नाही!" शिपायाने त्यांना गप्प केलं. घरट्यांच्या कायद्यावर घरटी विणणाऱ्यांनी बोलायचं नाही, असा नियमच होता. मग आवाजी मतदान झालं. कोल्हे होते, गाढवं होती, आवाजाला काय तोटा? कायदा मंजूर झाला.

याच कायद्याने कुलगुरू नेमायचा अधिकार मंत्र्यांकडे आला. त्यांनी कोकिळा मॅडमना नेमलं. मॅडमचा घरट्यांचा अनुभव दांडगा होता. दर वर्षी नवं घरटं. त्यांतलं एकही त्यांनी बांधलं नव्हतं आणि पोरं सगळी कावळिणीने वाढवली, पण एवढं खोलात कोण जातं?

"बाई, आता दार वर," मॅडम म्हणाल्या. "मला कारणं सांगू नका. मी स्वतः कधी विणलेलं नाही, म्हणून मी निःपक्षपाती आहे."

वेणूबाई घरी येऊन रडल्या. बाभळीवर विद्यार्थी आपली पहिलीच घरटी विणत होते. चार दिवसांत त्यांत पहिली अंडी येणार होती. दार वर ठेवावं, तर धामण खाणार. खाली ठेवावं, तर सरकार तोडणार.

आता सुगरणींची एक जुनी खोड आहे. त्या चारदोन घरटी अर्धवट विणून सोडून देतात आणि मग मनासारखं एखादं पुरं करतात. ती अर्धवट घरटी फांदीवर नुसती लोंबत असतात. बाईंचं लक्ष तिकडे गेलं आणि रडता रडता त्या हसल्या.

"पोरांनो," त्या म्हणाल्या, "टाकून दिलेल्या घरट्यांना वर दार पाडा. चांगलं रुंद पाडा. ती पुढच्या फांदीवर राहू देत. आपली खरी घरटी मागे, दाट काट्यांत. दार कुठे ठेवायचं, ते मी सांगायला नको."

तपासणी आली. मंत्री खाली उभे राहिले, कारण त्यांना झाडावर चढता येत नव्हतं. मॅडमनी पुढची फांदी पाहिली आणि मान डोलावली. धामण प्रत्येक दारातून आत जाऊन आली. घरटी सोयीची होती, पण रिकामी होती. ही तक्रार मात्र सभागृहात करता येईना.

हंगाम संपत आला. एकही अंडं पडलं नाही. मागल्या काट्यांतून पिल्लांची चिवचिव ऐकू येऊ लागली.

"पाहा!" वराहराव सभागृहात गरजले. "कायदा आला आणि अंडी पडायची थांबली!" बाकं दणादण वाजली. अंडी आधीही पडत नव्हती, हे कुणाला आठवलं नाही. मॅडमना मानपत्र मिळालं. आणि इतका उत्तम कायदा असताना शिक्षिकेचा खर्च कशाला, म्हणून वेणूबाईंना निवृत्त करण्यात आलं. पुढच्या वर्षीपासून मुलांनी पुढच्या फांदीवरचे नमुने पाहून शिकावं, असं ठरलं.

निरोपसमारंभात बाईंना शाल आणि नारळ मिळाला. "दोन शब्द बोला," मॅडम म्हणाल्या.

बाई उभ्या राहिल्या. 'ते नमुने खोटे आहेत,' एवढंच त्यांना सांगायचं होतं. पण खरं सांगावं, तर मागची घरटी आजच तुटतील, पिल्लांसकट. न सांगावं, तर पुढच्या वर्षीची पोरं खोटंच शिकतील. इकडे आड, तिकडे विहीर. मागून चिवचिव ऐकू आली. पहिल्या रांगेत बसलेली धामण बाईंकडे पाहत होती.

"सर्वांचे आभार," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांना शाल फार जड वाटली.

पुढच्या वर्षी नव्या पोरांनी नमुने पाहून फार सुबक घरटी विणली. सगळ्यांची दारं वर. धामण इतकी गुबगुबीत झाली, की तिला बाकावर बसवेना.

हंगाम संपल्यावर वराहरावांनी अहवाल मागवला. "किती अंडी पडली?"

"एकही नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. पडायला एकही उरलं नव्हतं.

तात्पर्य : बाळांनो, खुळा कायदा अगदी मनापासून पाळावा. चोरून शहाणपण कराल, तर त्याचं यश कायद्याच्या नावावर जमा होईल. परीक्षेत मात्र हे लिहू नका. तिथे 'दार नेहमी वर असावे' एवढंच लिहा, म्हणजे पैकीच्या पैकी गुण मिळतील. उत्तरपत्रिका धामणच तपासते.