बापूरावांचं दळण

समस्त मराठी मंडळींना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, विजय नगरात रोज सकाळी ठीक साडेनऊला श्री. बापूराव खानझोडे यांच्या घरचा पंखा बंद होईल. त्या वेळी कोणीही शिंकू नये. बापूराव कंपाईल करीत असतील.

मी त्यांचा शेजारी. एकदा जूनमध्ये घामाघूम होऊन विचारलं, "पंखा काहून बंद जी?"

"दळण उडते!"

त्यांच्या हिशेबी माणसाने लिहिलेला प्रोग्राम म्हणजे सोर्स, तो गहू. कंपाईल केल्यावर निघतो तो बाइटकोड, ते पीठ. "अन् हे पीठ कोणत्याही चुलीवर चालते!" म्हणजे कोणत्याही कंप्युटरवर. प्रोग्राम एकच: गणपतीत कोणत्या घरचा नैवेद्य कोणत्या दिवशी. गणपती वर्षातून एकदा, दळण रोज! एखादी ओळ इकडची तिकडे करायची आणि पुन्हा दळायचं. एरर आली की स्वारी खूश. "सापडली! एकविसाव्या ओळीत लपून बसली होती, चोट्टी!"

गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर जुना कंप्युटर बसला. डिस्क तेवढी शाबूत होती. मी उत्साहाने तो दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बाइटकोड पेनड्राइव्हवर घेतला आणि दुकानदाराला सांगितलं, बाकी सगळं पुसून टाका. नव्या कंप्युटरवर यादी झकास निघाली. मी शाबासकीची वाट पाहत उभा.

"गहू कुठं आहे?"

"पीठ आहे ना! गहू कशाला?"

बापूरावांनी चपला पायात सरकवल्या, त्याही माझ्या. स्कूटरवर मागे बसून वाटभर एकच घोष, "पळव ना बाबा!"

दुकानदार पुसायलाच बसला होता. बापूरावांनी त्याचा हात धरला आणि सोर्स उघडायला लावला. प्रोग्रामच्या मध्येमध्ये दोन तिरप्या रेघा मारून साध्या मराठीत काहीबाही लिहिलं होतं. अशा ओळी मशीनच्या कामाच्या नसतात. कंपाईल करताना त्या गळून पडतात. बापूराव सांगायचे आणि वहिनी टाइप करायच्या, हे मला तिथं कळलं. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली होती.

'// इथं दोनदा चुकले. कबूल नाही करून राहिले.'

'// चहा थंड झाला. आता ओरडतील.'

बापूराव स्क्रीनला नाक लावून खुदुखुदु हसत होते. दुकानदाराला काही कळेना. "दादाजी, प्रोग्राम तो वहाँ चल रहा है। इसका क्या करोगे?"

बापूराव अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे भैया, वहाँ सिर्फ चलता है! इथं ती बोलून राहिली!"