प्रश्न प्रवेशाचा आहे

लिंबाची फोड वरणावर पिळायची असते, हे विद्वांसांना आजवर कुणीही पटवू शकलेलं नाही. आमच्याकडे जेवायला बसले की ते ताटात आधी चटणीची एक सरळ रेघ ओढतात. पलीकडे मटकीचे पाच दाणे मांडतात. मग लिंबाची फोड बोटानं ढकलत रेघेपर्यंत आणतात आणि मला विचारतात, "सांगा, आता आत कसं शिरायचं?"

"भावोजी, वरण निवतंय," शुभा म्हणते. शुभा म्हणजे माझी बायको.

"वरणाचं बघू हो, वहिनी. प्रश्न प्रवेशाचा आहे."

विद्वांस आमच्याच इमारतीत, तोक्योच्या फुनाबोरी भागात, चौथ्या मजल्यावर राहतात. मुंबईच्या एका बँकेच्या इथल्या शाखेत अधिकारी आहेत. वय बावन्न, पोट वयाच्या एक पाऊल पुढे. आणि हा गृहस्थ दर रविवारी सकाळी आइस हॉकी खेळतो. आता बोला! ज्यानं जन्मभर बर्फ पाहिला तो उसाच्या रसात, तो पायात पात्यांचे बूट चढवून जपान्यांच्या हौशी संघात घसरत असतो.

तीन वर्षं त्यांचं ऐकून मलाही आता हा खेळ थोडा कळतो. बर्फावर एक निळी रेघ असते. तिच्यापलीकडे शत्रूचा मुलूख. रबराची चकती तिथे न्यायला दोन रस्ते. एक तर काठीला चिकटवून स्वतः घेऊन शिरायचं, नाहीतर लांबूनच आत भिरकावायची आणि मागून ऊर फुटेस्तोवर धावायचं. केव्हा काय करायचं हे ओळखण्यात सगळी अक्कल आहे म्हणे. विद्वांस मात्र कायम भिरकावतात. समोर चिटपाखरू नसलं तरी भिरकावतात.

त्यांचं एरवीचं वागणंही तसंच. साहेबांच्या केबिनमध्ये आधी चिठ्ठी पाठवणार, दहा मिनिटांनी स्वतः जाणार. आमच्या दाराला आधी रिकामा डबा अडकवून जाणार, मग बेल वाजवणार. "एकदम घुसू नये," म्हणतात. शुभा म्हणते, या माणसानं लग्नातही आधी हार भिरकावला असेल.

खरं तर हॉकी त्यांची नव्हेच, त्यांच्या लेकीची. सई इथेच वाढली. लहान मुलांच्या संघात खेळायची आणि विद्वांस तिची पिशवी वाहायचे. मग २०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला. बँकेनं अधिकाऱ्यांची कुटुंबं भारतात पाठवली. वैशालीवहिनी आणि अकरा वर्षांची सई पुण्याला गेल्या, "जूनमध्ये येतोच" म्हणून. जून आला, पण त्याआधी सईची तिथली शाळा आली, वहिनींची नोकरी आली, आजींचं दुखणं आलं. विद्वांसांचा बदलीचा अर्ज दोनदा जाऊन दोनदा परत आला. त्या हिवाळ्यात त्यांनी मोठ्यांच्या संघात नाव घातलं. "रविवारी रिंकवर जायची सवय झालीय हो," एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी ठीक बारा वाजता ते सईला फोन करतात. ती आता चौदाची. आमची मुक्ताही तेवढीच, म्हणून मला कल्पना आहे. मुक्ता शेजारच्या खोलीत असते, आणि काय चाललंय विचारलं की तिथून उत्तर येतं, "बेत्सु नि." म्हणजे विशेष काही नाही. एका भिंतीपलीकडून ही तऱ्हा, तर पुण्याहून काय येत असेल!

तर गेल्या महिन्यात संघाचे कप्तान मोरी-सान विद्वांसांशी बोलले. मोरी-सानांचं तोफूचं दुकान आहे आणि बोलणंही तोफूसारखंच मऊ. हातात गरम चहाचा कॅन देत म्हणाले, "विद्वान्सु-सान, रस्ता मोकळा असताना तुम्ही चकती भिरकावता. पुढच्या रविवारीही तसंच झालं, तर आपण थोडी विश्रांती घ्यावी." इथे नारळ असाच हातात देतात.

त्या संध्याकाळी विद्वांस आमच्याकडे जेवायला आले आणि त्यांनी लिंबू चक्क वरणावर पिळलं. शुभा घाबरलीच. "पुढच्या रविवारी तुम्ही त्यांच्याबरोबर जा," तिनं मला बजावलं.

गेलो. थंडीत कुडकुडत बाकावर बसलो. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा बरोबरी होती आणि चकती विद्वांसांकडे. समोर निळी रेघ, रेघेवर एकच दमलेला गडी. मोरी-सान नुसते बघत होते. विद्वांसांनी काठी मागे नेली. झालं, म्हटलं, भिरकावतोय आता!

पण काठी अलगद खाली आली. विद्वांस डावीकडे झुकले, तो गडी फसून तिकडे गेला आणि हे उजवीकडून चकतीसकट आत! मागून आलेल्या सोबत्याला त्यांनी ती दिली, त्यानं गोल केला. विद्वांस मात्र थांबता न आल्यामुळे थेट जाऊन कडेच्या फळ्यांवर आदळले. "वा रे पठ्ठ्या!" मी मराठीतच ओरडलो. मोरी-सानांनी दोन्ही हात धरून त्यांना उठवलं आणि पुढच्या रविवारी वेळेवर यायला सांगितलं.

परत येताना गाडीत मी त्यांना छेडलंच. "अहो, हे येत होतं, तर तीन वर्षं काय करत होतात?"

ते घड्याळ बघत होते. बाराला तीन मिनिटं कमी असताना भलत्याच स्टेशनावर माणसाएवढी पिशवी ओढत उतरले. इथे गाडीत फोनवर बोलणं म्हणजे महापाप. मीही मागोमाग उतरलो. बोटं गारठली होती, म्हणून त्यांनी फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावला.

"बोल, बाबा. आज नेलीस ना घेऊन?"

विद्वांस फोनवर वाकले. मग म्हणाले, "नाही ग. टाकली. परत टाकलीच."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझा गुडघा घट्ट दाबला.

"बाबा! तुला किती वेळा सांगायचं रे? समोर किती जण होते? तो मागे सरकत होता की उभा होता? थांब, कागद घे. आई, नंतर! मी बाबाशी बोलतेय!"

विद्वांसांनी खिशातून वही काढली. पानापानावर निळ्या रेघा आणि बाण. तीन वर्षांचे रविवार होते त्यात. फोनवर तळवा ठेवून ते माझ्या कानाशी म्हणाले, "पहिल्या वर्षी एकदा नेली होती घेऊन. 'भारी,' म्हणाली आणि फोन आईकडे दिला."

भिंतीपलीकडची मुक्ता मला शेवटची कधी रागावली होती, ते काही आठवेना.

"बाबा, कोण आहे तिथे? काका? काका, तुम्ही पाहिलंत ना? खरंच टाकली यानं?"

विद्वांस माझ्याकडे बघत होते.

"टाकली ग," मी म्हटलं. "रस्ता चांगला मोकळा होता, तरी टाकली."

"बघ! काकांनासुद्धा कळतं!" आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. विद्वांस मान डोलवत बाण काढत होते, मध्येच मुद्दाम चुकीचं काहीतरी विचारत होते, आणि पलीकडून आणखी ओरडा येत होता.

तीन गाड्या गेल्या. चौथी लागली तेव्हा त्यांनी ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "पुढची घेऊ."