माणिकरावांची सफरचंदं

हैदराबादेत आमच्या बरकतपुऱ्यातले माणिकराव डिसेंबरातल्या भर दुपारी स्वेटर आणि माकडटोपी घालून शेतात उभे राहतात. झाडांना थंडी पडल्यासारखं वाटावं म्हणून.

जहिराबादकडच्या शेतात त्यांनी सफरचंदं लावली आहेत. वाण उष्ण हवेत येणारा आहे. पण आपल्याकडे त्याची पानं आपणहून गळत नाहीत, आणि ती हातानं खुडल्याशिवाय झाड नीट फुलत नाही. त्यासाठी दरवर्षी आम्हा शेजाऱ्यांना सहलीच्या नावाखाली गाडीत घालून नेलं जातं. "पानं आम्ही खुडतोय, मग टोपी कशाला?" असं मी एकदा विचारलं. "झाडाला शंका यायला नको, हौ," ते गंभीरपणे म्हणाले.

फळवाल्याच्या गाडीशी तर त्यांना नेऊच नये. "कौनसा वाण है, मियाँ?"

"सेब है साब. होना तो लेव, नक्को तो छोडो."

मग माणिकराव त्याला शिकवत बसतात. जुना डिलिशस वाण गेला, आता गाला. मोठी झाडं गेली, आता ठेंगणी, दाट लावायची. "जमाना बदललाय, हौ." हा जमाना त्यांच्याकडे आधी द्राक्षं होऊन आला, मग डाळिंबं होऊन, आणि दोन्ही वेळा त्यांना झोपवून गेला.

सफरचंदांच्या जागी पूर्वी आमराई होती. माणिकरावांच्या थोरल्या भावानं, दादांनी, विहिरीचं पाणी खांद्यावरून वाहून वाढवलेली. दादा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला गेले असताना माणिकरावांनी ती तोडली. परत आल्यावर दादांना नवी बाग दाखवून चकित करायचं, एवढाच बेत. दादा आले, बांधावर थोडा वेळ उभे राहिले, आणि पुन्हा शेताकडे फिरकले नाहीत. मला तेव्हा माणिकरावांचा फार राग आला होता.

गेल्या उन्हाळ्यात पहिली फळं आली. माणिकराव खोकं घेऊन चिक्कडपल्लीला दादांकडे निघाले. एकट्याला धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं. दादांनी एक सफरचंद चिरून फोड सावकाश खाल्ली.

"गोड आहे रे, माणिक."

माणिकरावांचा चेहरा उजळला. मग दादांनी विचारलं, "दुपारी भाकरी खायला कुठं बसतोस आता?"



परतताना आमची रिक्षा बरकतपुऱ्यात शिरली. "आंबे पुन्हा लावतो," माणिकराव म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "पण त्यांची सावली पडेपर्यंत दादा कुठला राहतोय."